मूळ डिरेक्टरीचे कुंपण

युनिक्समध्ये फायलींची सारी उतरंड तिरक्या रेघेने दाखवल्या जाणाऱ्या मूळ डिरेक्टरीपासून सुरू होते. हे मूळच एखाद्या प्रोग्रामपुरते बदलणारा ‘सीएचरूट’ हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे करावयाची मागणी, १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आला. संकेतस्थळांच्या नावांचे अंकी पत्त्यांत रूपांतर करणारा ‘बाइंड’ हा सर्व्हर असे नवे मूळ देऊन एकाच डिरेक्टरीत कोंडला असता, त्यातील दोषाचा फायदा घेऊन शिरलेल्या घुसखोराने ‘/इटीसी/पासवर्ड’ ही फाइल मागितली, तरी त्याला मूळ फाइल न मिळता कोंडवाड्यातील तिची प्रत, आणि तीही ठेवलेली असेल तरच, मिळते.

अर्थात कोंडलेल्याला शिधाही आतच पुरवावा लागतो: लायब्रऱ्या, कॉन्फिगरेशनच्या फायली आणि स्थानिक वेळेची फाइलसुद्धा, कारण ती राहून गेली तर भारतातील यंत्राच्या लॉगमधील नोंदी साडेपाच तास मागे पडू शकतात, आणि हे कोडे चांगल्या जाणकारालाही चकवते.

तथापि हे कुंपण केवळ फायलींच्या मार्गांभोवती आहे. हा कॉल प्रोग्रामची चालू डिरेक्टरी बदलत नाही. म्हणून आत शिरून ती बदलण्याचे राहिले, तर दोन टिंबांच्या वाटेने वर चढत बाहेर पडता येते, आणि रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार सोडले नसतील तर ही वाट नव्यानेही पाडता येते. नेटवर्क व इतर प्रक्रिया यांनाही वेगळे काढणारी ‘जेल’ ही व्यवस्था २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० ने आणली.