पाणथळ म्हणजे नुसती दलदल नव्हे

‘दलदलच आहे ती, भराव टाका आणि जागा वापरात आणा.’ खाडीकाठी काही बांधायचं ठरलं की हे वाक्य येतंच, आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडून येतं तेव्हा फार चीड येते.

पाय रुततो, पाण्याचा निचरा होत नाही, ती दलदल. पाणथळीचा हा फक्त एक प्रकार. १९७१च्या रामसर करारात नैसर्गिक आणि मानवनिर्मित, बारमाही आणि हंगामी, गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्याच्या सगळ्या पाणथळी येतात. ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्रही येतो.

ठाण्याची खाडी घ्या. भरतीच्या पाण्यात उभं असलेलं तिवरांचं रान म्हणजे कांदळवन. त्याच्यापुढे ओहोटीला उघडा पडतो तो चिखलाचा पट्टा. फ्लेमिंगो चरतात ते या चिखलात, झाडीत नव्हे. भरतीने चिखल बुडाला की ते नवी मुंबईच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. त्यामुळे ‘कांदळवन राखलंय ना, मग तळं बुजवलं तर काय बिघडलं?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: भरतीच्या वेळी पक्ष्यांनी बसायचं कुठे?

आणि वाया गेलेली जमीन? गोव्यातलं खाजन बघा. बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन, मानशीच्या दारांनी आत-बाहेर सोडलेलं भरतीचं पाणी, कोरगुटसारखं खारं सोसणारं भात आणि त्याच पाण्यातली मासळी. पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या या जमिनीला पडीक म्हणणं हे निव्वळ अज्ञान आहे.

उन्हाळ्यात आटते ती पाणथळ नव्हे, हेही चूक: कास पठारावरच्या पावसाळी पाण्यात वायतुरा फुलतो आणि कोरड्या दिवसांत त्याचा कंद जमिनीखाली जिवंत राहतो. माणसाने केलेली पाणथळ मोजत नाहीत, हेही तसंच. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, बंधाऱ्यामुळेच तयार झालं.

या शेवटच्या गैरसमजाला मात्र थोडा आधार आहे. केंद्राच्या २०१७च्या पाणथळ नियमांनी भातशेती, मिठागरं आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. ती कायद्याची मर्यादा झाली, निसर्गाची नव्हे. कांदळवनाला किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांचं संरक्षण आहे, शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८चा निकालही आहे. म्हणून हरकत नोंदवताना नुसतं ‘दलदल’ लिहू नका. कांदळवन, चिखलपट्टा, तळं, मिठागर, जे असेल ते नाव स्पष्ट लिहा, कारण प्रत्येकाला लागू होणारा नियम वेगळा आहे.