नाताळचा गोठा

या भित्तिपत्रकाच्या खालच्या टेबलावर आम्ही मातीचा गोठा मांडला आहे. परवा तो मांडताना चौथीतला एक मुलगा बघायला आला आणि म्हणाला, "गोठ्यात देव कसा जन्मेल? तिथं तर शेण असतं!" आम्ही सगळे हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधा आणि लिहून लावा." म्हणून हा लेख.

येशूच्या जन्माची हकिकत बायबलात दोघांनी सांगितली आहे, लूकने आणि मत्तयाने. लूक सांगतो की, खानेसुमारीसाठी योसेफ आणि मरिया बेथलेहेम गावी गेली. मरियेचे दिवस भरले होते. उतारशाळेत जागा नव्हती. बाळ झाल्यावर तिने त्याला फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. गव्हाण म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. (पनवेल तालुक्यात तर गव्हाण नावाचं गावच आहे.) बाळाला बघायला आधी आले ते रात्री रानात मेंढरं राखणारे मेंढपाळ.

मत्तयाच्या हकिकतीत पूर्वेकडचे ज्ञानी लोक तारा बघत बघत येतात आणि सोनं, ऊद आणि गंधरस देतात. गंमत अशी की, ते तिघे होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली आणि पुढे त्यांना राजे करून टाकलं. बैल आणि गाढव तर दोघांच्याही हकिकतीत नाहीत! यशया नावाच्या फार जुन्या संदेष्ट्याच्या ग्रंथात बैल, गाढव आणि गव्हाण यांचा एके ठिकाणी उल्लेख आहे. तिथून ती जनावरं गोठ्यात येऊन उभी राहिली.

आता हा गोठा मांडायची चाल कशी पडली ते सांगतो. इटली देशात असिसी गावी फ्रान्सिस नावाचा साधू होऊन गेला. बाप कापडाचा मोठा व्यापारी, पण याने सगळी दौलत सोडली आणि गरिबीत राहिला. सन १२२३ च्या नाताळाआधी पंधरा दिवस त्याने ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या खेड्यात आपल्या एका ओळखीच्या माणसाला निरोप धाडला. एक गव्हाण तयार ठेव, तीत गवत भर, बैल आणि गाढव आणून बांध. बाळाचे किती हाल झाले ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्याची इच्छा. नाताळच्या रात्री गावकरी मशाली घेऊन डोंगर चढून आले. समोर जिवंत बैल, जिवंत गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण. सोनं नाही, मखर नाही. तिथंच प्रार्थना झाली. फ्रान्सिसचं चरित्र थॉमस नावाच्या त्याच्याच पंथातल्या साधूने पाच-सहा वर्षांनी लिहिलं. तो लिहितो की, त्या गव्हाणीतलं गवत लोकांनी जपून ठेवलं, आजारी गुरांना घातलं आणि गुरं बरी झाली. खरं-खोटं देव जाणे, पण शेतकरी तिथला काय आणि इथला काय, सारखाच! २०२३ साली या गोष्टीला ८०० वर्षं झाली.

पुढे खऱ्या जनावरांच्या जागी मूर्ती आल्या. इटलीतल्या नेपल्स शहरात अठराव्या शतकात तर गोठ्याभोवती अख्खा बाजार उभा राहायला लागला. त्यात मासेवाला, भाजीवाला, वाजंत्री सगळे. तिथं सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक गल्ली आहे. त्या गल्लीत हीच चित्रं बनवणारे कारागीर बसतात आणि काम बारा महिने चालतं. आपल्या पेण, हमरापूर, जोहे इथं गणपतीचे कारखाने चालतात ना, अगदी तसंच म्हणा. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली आणि पुढे काही काळ चर्चं बंद पडली. तेव्हा लोकांनी घरातच गोठे मांडले. मार्सेय शहरातल्या लान्येल नावाच्या कारागिराने साच्यातून मातीची लहान, स्वस्त चित्रं काढली, गरिबालाही घेता येतील अशी. त्यांना 'सांतों' म्हणजे छोटे संत म्हणतात. पण बघायला गेलं तर त्यांत धोबीण आहे, पिठाच्या गिरणीवाला आहे, लसूण विकणारी बाई आहे. सगळं गावच!

आपल्या जवळचं सांगायचं तर वडखळ नाक्यावरून अलिबागचा रस्ता धरावा, पुढे रेवदंड्याला जावं आणि खाडीचा पूल ओलांडावा. तिथं कोर्लई गाव आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे तिथले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात. १७४० साली पोर्तुगीज गेले आणि किल्ला मराठ्यांकडे आला, तरी भाषा राहिली.

गोठ्यांचा मोठा थाट मात्र वसईला. फ्रान्सिसच्या पंथाचे साधू तिथं सोळाव्या शतकातच आले होते. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आहेत. डिसेंबर लागला की नंदाखाल, गास, निर्मळ या बाजूला घरोघर आणि आळीआळीत गोठ्याची तयारी सुरू होते. बांबू, गवत, खाकी कागदाचे डोंगर, आरशाचं तळं. काही लोक ताटलीत नाचणी नाहीतर गहू पेरून हिरवं शेत उगवतात. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतो, तोच प्रकार. पोरांची मंडळं मोठे देखावे करतात, त्यांत जुनी वसई, शेती, पर्यावरण असे विषय असतात. बाळाची मूर्ती मात्र आधी ठेवत नाहीत. चोवीस तारखेच्या रात्री ती गव्हाणीत येते. तीन राजांचा सण सहा जानेवारीला असतो.

हे सगळं वाचल्यावर आम्ही ठरवलं की, आपला गोठा वडखळचाच करायचा. मेंढपाळ म्हणून धनगर केले. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन आपल्याकडे उतरतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. एक कोळीण केली, एक मिठागरातला माणूस केला. पेंढा काय, हवा तेवढा मिळाला. मग छपरावरून वाद झाला. कुणी म्हणे कौलारू करा, कुणी म्हणे पत्र्याचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. यंदा ती आजीपाशी राहिली म्हणून शाळेत दिसतेय. ती म्हणाली, "गोठा नको, भट्टीवरची खोपटी करा. माझा भाऊ तिथंच झाला." कुणी काही बोललं नाही. मग तिनेच पेंढ्याची खोपटी बांधली, कशी बांधतात ते तिलाच नीट ठाऊक होतं.

गव्हाण अजून रिकामी आहे. बाळ चोवीस तारखेला शाळा सुटताना ठेवू. ते ठेवायचा मान चौथीतल्या त्याच मुलाला दिला आहे. पालकांनी जरूर पाहावं, फक्त हात लावू नये. शाडू पुरती वाळली नाही आणि बैलाचं डावं शिंग काडीवर टेकवलेलं आहे.

– इयत्ता सातवी