मोटारीची ठकठक : आधी ऑईल पाहा

नागपूरहून माल भरून वर्ध्याकडे निघालेली मोटार केळझरजवळ ठकठक करू लागली, तर व्यापारी बंधूंनी बाजार गाठण्याची घाई करू नये. इंजिन बंद करावे. सपाट जागी दहा मिनिटांनी पट्टी काढून ऑईल पाहावे. कमी असेल तर भरावे. आवाज वरच्या बाजूने, हलका ‘टिकटिक’ असेल तर बहुधा टॅपेट. चढावर जोर देताना कडकड वाजत असेल तर पेट्रोल अवेळी पेटते आहे. टायमिंग व कार्बन मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. मात्र खालून जड ठोके येत असतील, ऑईलचा लाल दिवाही लागत असेल, तर रॉडचे बेअरिंग गेल्याची शक्यता मोठी. अशी गाडी ओढूनच न्यावी. बेअरिंगचा खर्च सोसवतो; क्रँक गेला तर हंगामाचा नफा जातो.