बिनकागदाचा हिरा

श्रोतेहो, सोयाबीन बाजारात गेले, चार पैसे गाठीला आले आणि घरात लग्न ठरले, की मालेगावसारख्या गावात दागिन्यांची बोलणी निघतात. अशा वेळी ओळखीचा कुणी जुनी अंगठी पुढे करतो. म्हणतो, "आजीची आहे, अस्सल हिरा आहे, कागद तेवढा नाही." घ्यावी की नाही?

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हॉलमार्कचा शिक्का सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे. काचेवर ओरखडा ओढून पाहाल, तर काच साध्या गारेनेही ओरखडते. मोइसनाइट नावाचा खडा उष्णतेवर चालणाऱ्या साध्या तपासणी-यंत्रालाही चकवतो. कारखान्यात वाढवलेला हिरा तर खरोखरच हिरा असतो. पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. हा फरक नुसत्या भिंगाने कळत नाही.

मग करावे काय? सोन्याची किंमत वेगळी काढा. हिऱ्याचे वजन विचारा. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. खड्याचे पैसे मात्र मुंबईतील रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला येईपर्यंत देऊ नका. तपासणीचा खर्च कुणी करायचा, तेही आधीच ठरवा. विकणारा तपासणीला नाहीच म्हणाला, तर सौदा सोडा.

अडचणीच्या दिवशी सोने रोजच्या भावाने मोडता येते. बिनकागदाच्या हिऱ्याला तसा भाव नाही. तेव्हा ओळखीच्या माणसालाही कागद मागायला लाजू नका. भीड भिकेची बहीण, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी उगाच म्हटलेले नाही.