आसवारिष्टांचा सामू : काचेचा अग्र तो मोजतो कसा?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि तेथील पात्रांत पेनिसिलिनचे किण्वन सुरू झाले. बुरशीकडून पेनिसिलिन मिळवायचे, तर द्रवाचा सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास राखावा लागतो. आज भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत सांडपाणी बाहेर सोडण्यापूर्वीही हेच मोजमाप घेतले जाते. आपली संधान कल्पना हेदेखील किण्वनच. म्हणून या उपकरणाचा परिचय वैद्य व औषधनिर्माते या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

संधान पूर्ण झाल्याची लक्षणे आपण जाणतोच. पात्रातील बुडबुड्यांचा आवाज थांबतो, जळती काडी विझत नाही, चुन्याची निवळी गढूळ होत नाही. परंतु पुढे हवेच्या संपर्काने मद्यांशाचे शुक्तात रूपांतर होऊ लागले, तर ते जिभेला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लिटमसची पट्टीही येथे निरुपयोगी ठरते, कारण अरिष्टाच्या गडद तांबूस रंगात तिचा रंग लपून जातो. काचेच्या अग्राला रंगाची बाधा नाही.

सामूची कल्पना १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी मांडली. सात म्हणजे उदासीन, त्याखाली अम्ल, त्यावर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक. सामू चारवरून तीनवर आला, तर ते आयन दहापट झाले, हे विसरू नये.

अग्राच्या टोकाशी विशिष्ट काचेचा अतिशय पातळ फुगा असतो. त्याच्या आत ठरावीक सामूचे द्रावण व क्लोराईडचा लेप दिलेली चांदीची तार असते. काचेचा बाह्य पृष्ठभाग पाणी शोषून ओलसर थर बनवतो आणि द्रवातील हायड्रोजन आयनांशी देवाणघेवाण करतो. आत व बाहेर या आयनांचे प्रमाण भिन्न असल्याने काचेच्या दोन बाजूंत विद्युत्-विभव निर्माण होतो. शेजारच्या संदर्भ अग्राचा विभव स्थिर असतो. त्याच्याशी तुलना करून यंत्र आकडा दाखवते. २५ अंश तापमानास सामूच्या प्रत्येक अंकामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट फरक पडतो. सातला शून्य धरल्यास चार सामूच्या अरिष्टात सुमारे १७७ मिलिव्होल्ट मिळतात. काचेचा विद्युतरोध प्रचंड असल्याने साध्या मापकाला हा विभव मोजता येत नाही. १९३४ साली अर्नोल्ड बेकमन यांनी अमेरिकेत लिंबाच्या रसाची अम्लता मोजण्यासाठी विवर्धकयुक्त यंत्र बनवले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

वापरताना पुढील काळजी घ्यावी :

१) रोज प्रथम सात व चार सामूच्या प्रमाणित द्रावणांनी यंत्र जुळवून घ्यावे.
२) द्रव खोलीच्या तापमानास आल्यावरच मोजावा. यंत्रातील तापमान-दुरुस्ती केवळ अग्रापुरती असते. उष्णतेने द्रवातच होणारा बदल ती भरून काढत नाही.
३) गूळ, मध व कषाय द्रव्यांचा लेप काचेवर बसतो, म्हणून प्रत्येक मोजणीनंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ कागदाने अलगद टिपावे, घासू नये.
४) अग्र ऊर्ध्वपातित पाण्यात किंवा कोरडा ठेवू नये, पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवावा.
५) तैल व घृतांत पाणी नसल्याने त्यांत मिळालेल्या आकड्याला अर्थ नाही.

केवळ सामूवरून निर्णय करू नये. एकूण अम्लता, मद्यांश व विशिष्ट गुरुत्व यांचीही जोड हवी. तथापि प्रत्येक घाण्याचा सामू तयार होताच नोंदवला व साठवणीत वेळोवेळी पडताळला, तर उतरता आकडा शुक्तत्वाची सूचना देतो. शेड्यूल ‘टी’मधील गुणवत्ता विभागाच्या उपकरणसूचीत सामूमापक आहे, तो केवळ तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडण्यासाठी नव्हे. रुग्ण बाटलीवरील नावावर विश्वास ठेवून औषध घेतो. तो विश्वास राखण्यासाठी नोंदवहीतील हा एक रकाना व्यवसायबंधूंनी नियमित भरावा, एवढीच विनंती.