कूले

कूले (आयरिश उच्चार: कूल ए) हे आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागातील कॉर्क काउंटीमधील एक छोटे आयरिशभाषक गाव आहे. ते सुलान नदीच्या वरच्या खोऱ्यात, डेरीनासॅगर्ट डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन मॅक्रूम शहराजवळ ली नदीला मिळते. पशुपालन हा परिसरातील पारंपरिक व्यवसाय आहे. १९७९ पासून एका डच कुटुंबाने येथे सुरू केलेले गौडा पद्धतीचे चीजही गावाच्या नावाने ओळखले जाते.

भाषा

कूलेचा समावेश मूस्क्री गेल्टाख्तमध्ये होतो. आयरिश ही जेथील लोकव्यवहाराची भाषा म्हणून शासनाने मान्य केली आहे, अशा प्रदेशास 'गेल्टाख्त' म्हणतात. इंग्रजी राजवटीत प्रशासन व शिक्षण इंग्रजीतून चालू लागल्याने आयरिशचा ऱ्हास झाला. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळातील मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे तो अधिक वेगाने झाला. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या अधिकृत भाषेचा दर्जा दिला. तथापि ती बोलीभाषा म्हणून मुख्यतः दूरच्या ग्रामीण भागांतच टिकून राहिली. कूलेतील आयरिशभाषकांना इंग्रजीही येते. त्यामुळे येथे आयरिश बोलणे ही गरज नसून निवड ठरते, आणि ती निवड प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते.

संगीत

शान-नोस, म्हणजे 'जुनी रीत', ही वाद्यांच्या साथीविना गाण्याची आयरिश परंपरा येथे जोपासली गेली आहे. संगीतकार शॉन ओ रीआदा (१९३१–१९७१) हे १९६० च्या दशकात कुटुंबासह कूलेत स्थायिक झाले. त्यांनी १९६४ मध्ये स्थानिक पुरुषांचा गायकवृंद स्थापन केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लॅटिनऐवजी लोकभाषेत करण्यास मुभा मिळाली होती. त्या वेळी ओ रीआदा यांनी या वृंदासाठी आयरिश भाषेतील उपासनेला संगीत दिले. परिणामी घरात आणि शेतात बोलली जाणारी भाषा चर्चमध्येही गायिली जाऊ लागली. शॉन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र पॅडर यांनी किशोरवयातच वृंदाची धुरा सांभाळली. प्रसिद्ध गायक इअर्ला ओ लिनार्द हेही याच गावचे असून लहानपणी ते या वृंदात गात असत.

आयरिश कवींचा एक वार्षिक मेळावाही कूलेत भरतो. त्यात दिलेल्या विषयाला कवी स्वरचित पद्यातून उत्तर देतात.