मरणानंतर काय उरते?

“सर, आत्मा नाही, परलोक नाही, मग माणसाने जगायचे कशासाठी?” सातारच्या एका शिबिरात एका विद्यार्थ्याने मला विचारले. त्याची आजी नुकतीच गेली होती. प्रश्न वादासाठी नव्हता, म्हणून उत्तरही वादापुरते देऊन भागणार नव्हते.

आपल्या समाजाला हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नाही. मागच्या जन्मीच्या पापाने हा जन्म मिळाला आणि हा निमूट भोगला तर पुढचा बरा मिळेल, असे आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके सांगितले गेले. पुनर्जन्माने त्यांना धीर दिला असेल. पण त्याच पुनर्जन्माने त्यांना गावकुसाबाहेर बसवून ठेवले. जातिव्यवस्थेची खतावणी या एका कल्पनेवर चालत होती. आत्मा नाकारणे म्हणजे ते खाते आपल्या नावावरून खोडून टाकणे होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, ती यासाठीच. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी आत्म्याचे स्थलांतर नाकारले आहे. देह ज्या महाभूतांचा बनतो, ती मृत्यूनंतर सृष्टीतल्या आपापल्या साठ्यात मिसळतात. मागच्या जन्मीचे कर्म घेऊन कोणी जन्माला येत नाही. म्हणून आजच्या दुःखाचे कारण आजच्या समाजात शोधावे लागते, आणि तिथेच ते दूर करता येते.

माझे वडील वारले तेव्हा आम्ही पिंड ठेवला नाही. सांगलीहून आलेली आत्या व्याकूळ झाली. “बाळा, दादाचं काय मागं ऱ्हायलं आसंल तर?” मला उत्तर सुचले नाही. निरीश्वरवाद्यालाही बाप गेल्याचे दुःख तेवढेच होते. पुन्हा भेटीची आशा मात्र त्याला नसते. हे कबूल केले पाहिजे.

पुढे विचार करताना ध्यानात आले, की कृष्णाकाठी कावळा शिवेना झाला की लोक काय बोलतात? “धाकटीचं शिक्षण करू, भावाला अंतर देणार नाही.” ही सारी वचने जिवंतांसाठीच असतात. ती पाळायला कावळ्याची साक्ष लागत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळचे सातारचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत ते बाबा आढावांबरोबर होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांनी देहदानाचा संकल्प केला होता, पण शवविच्छेदनामुळे तो पुरा होऊ शकला नाही. साताऱ्यात कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले; मुलीने अग्नी दिला आणि रक्षा शेतात विखुरली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षी डिसेंबरात झाला. त्यांचे मागे राहिलेले काम जिवंत माणसांनी पुरे केले.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, “आजीचे काय राहून गेले?” तो म्हणाला, “तिला सही शिकायची होती.” त्याच्या वस्तीत अशा आणखी किती म्हाताऱ्या आहेत, ते आम्ही दोघांनी मोजायला घेतले.